रेडिओ लावलंस काय रे?

गेल्या आषाढातली गोष्ट. संध्याकाळपासून लाईट गेलेली, पावसाने कौलांवर एकसारखा सूर धरलेला, आणि मी पडवीतल्या टेबलाशी मेणबत्तीच्या उजेडात नव्याने जोडलेला फझ, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारं पेडल, तपासत बसलो होतो. गिटारचं पेडल म्हटलं की पायाने दाबायचा रंगीत डबा डोळ्यांसमोर येतो. हा तसा नव्हता. फणसाच्या फळीवर चार स्क्रूंनी बसवलेला झिरो पीसीबीचा, म्हणजे भोकाभोकांच्या सर्किट पट्टीचा, तुकडा, त्यावर दोन ट्रान्झिस्टर, बाजूला नऊ व्होल्टची बॅटरी आणि इकडून तिकडे गेलेल्या उघड्या वायरी. आवाजासाठी मीच बनवलेला बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प होता, एलएम ३८६ या आठ पायांच्या चिपवरचा. गिटार मांडीवर होती, पण तारांना मी हात लावला नव्हता. फझचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. स्पीकरमधून नेहमीची खरखर येत होती, तापल्या तव्यावर पाण्याचे शिंतोडे उडावेत तशी. आणि त्या खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं.

बाईचा आवाज होता. शब्द लागत नव्हते, पण चाल लागत होती. बातम्या वाचतानाची ती संथ चाल, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक पायरी खाली उतरणारी. आधी कोकणी वाटलं, मग मराठी. पणजी असेल की रत्नागिरी, काही कळेना. मी श्वास रोखून ऐकत राहिलो. तेवढ्यात माजघरातून आजीने विचारलं, "रेडिओ लावलंस काय रे?"

"नाय गो," मी म्हटलं आणि बॅटरीची टोपी काढून टाकली.

एवढंच घडलं. आजी पुन्हा काही बोलली नाही, मी मेणबत्ती विझवून झोपायला गेलो. पण ते 'नाय' घशात बसलं. माशाचा काटा अडकला की आमच्याकडे कोरड्या भाताचा गोळा गिळायला सांगतात. त्या पावसाळ्यात मी असे कितीतरी गोळे गिळले असतील, काटा काही गेला नाही. कारण फळीवरचे ते दोन ट्रान्झिस्टर आजोबांच्या रेडिओतले होते. स्पीकरही त्याच रेडिओचा. आणि हे आजीला ठाऊक नव्हतं.

रेडिओ माजघरातल्या कोनाड्यात असायचा. लाकडी खोकं, पुढे भरड कापडाची जाळी, पिवळी पडलेली काच, मागे चार मोठ्या सेलची पेटी. रेडिओ ठेवायला एकेकाळी लायसन लागायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. आजोबांचं ते बारकं पुस्तक रेडिओखालीच घडी घालून ठेवलेलं होतं, आजही आहे. आजोबा शाळामास्तर. त्यांचा समुद्राशी संबंध संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी मारण्यापुरता, तरी हवामानाचा अंदाज ते कधी चुकवत नसत. "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" हे वाक्य आलं की ते खळ्यात यायचे आणि गडग्यापलीकडे, रापणीवर जाणाऱ्या शेजाऱ्याला हाक मारून सांगायचे. शेजाऱ्याला ते आभाळाकडे बघून आधीच कळलेलं असे. तरीही तो दरवेळी "बरां झाला सांगलास मास्तरांनू" म्हणायचा. आजोबा गेले त्या वर्षापासून रेडिओ बंद. कुणी बंद केला असं नाही, कुणी लावलाच नाही. आजी दर शनिवारी त्याच्यावरचं क्रोशाचं विणकाम काढायची, झटकायची, पुन्हा घालायची.

मी तो उघडला त्याला आता दोन वर्षं झाली. मला जर्मेनियमचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, ट्रान्झिस्टर हवे होते. पेडल बनवण्याचा नाद लागला तेव्हापासून मी वर्षातून एकदा कुडाळहून कोकणकन्येत बसतो, पहाटे मुंबईत उतरतो आणि लॅमिंग्टन रोडची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं उघडायची वाट बघत चहा पीत बसतो. तिथे सिलिकॉनचे बीसी ५४७ मूठभरून मिळतात, शेंगदाणे मोजावेत तसे. पण जर्मेनियम म्हटलं की दुकानदार आधी चेहऱ्याकडे बघतो. मग आतून एखादी प्लास्टिकची डबी येते, तिच्यात पाच-सहा नळ्या, त्यांतल्या किती जिवंत हे त्यालाही माहीत नसतं. आणि इथे, आमच्या कोनाड्यात, एसी १२८ ची जोडी नक्की असणार होती. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकर हलवायचं काम बहुतेक याच जोडीकडे असायचं. दोन चकचकीत नळ्या, करंगळीच्या नखाएवढ्या, प्रत्येकीला तीन पाय.

आजी पुतण्याच्या घरी बारशाला गेली होती. मागचं झाकण काढलं तर आत पालीच्या अंड्यांची टरफलं, कोळिष्टकं, आणि बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसला वास. सेलच्या पेटीत कधीकाळचे सेल फुटून पांढरट-हिरवा थर जमलेला, एक स्प्रिंग तर हात लावताच मोडून आली. मी मनाशी म्हटलं, मेलाय हा. नवे सेल आणून बघितलं नाही. घरात होते की नाही हेही शोधलं नाही. डाव्या हातात चिमटा आणि उजव्या हातात सोल्डरिंग गन घेऊन दहा मिनिटांत जोडी सोडवली. मग आता उघडलाच आहे तर म्हणून स्पीकरही काढला, मागे जड लोहचुंबक असलेला. झाकण लावलं, वर विणकाम नीट घातलं.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या बाजारात गेलो. तिथे एक मेकॅनिक आहेत. त्यांनी आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, मग मिक्सर दुरुस्त केले आणि आता एलईडी बल्ब करतात. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे काट्याचा जुना मीटर आहे. जोडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकेक पाय लावून काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खयच्या रेडिओतले?"

"आजोबांच्या."

"रेडिओ बंदच होतो मां?"

"होय," मी म्हटलं. काकांनी दोन्ही नळ्या कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. "दोनव बरे आसत," एवढंच म्हणाले. मी पैसे पुढे केले तर घेतले नाहीत. घरी येईपर्यंत मला उमगत गेलं. ट्रान्झिस्टर चांगले, स्पीकर चांगला, मग बंद काय होतं? ती कुजलेली स्प्रिंग. पॉलिश पेपरने घासून तांब्याची तार ओढायची, दोन मिनिटांचं काम. त्या रेडिओला काही झालंच नव्हतं. त्याला फक्त सेल पोचत नव्हते.

आणि तरीही पुढचे आठ दिवस मी इतका आनंदात होतो, की हे लिहिताना तो आनंद लपवणं बरोबर होणार नाही.

झिरो पीसीबी म्हणजे तपकिरी पट्टी, तिला दर अडीच मिलिमीटरवर एक भोक आणि प्रत्येक भोकाभोवती तांब्याचं कडं. तयार पीसीबीवर रस्ते आधीच आखलेले असतात. इथे रस्ता आपण पाडायचा. रेझिस्टरचा पाय वाकवून शेजारच्या कपॅसिटरपर्यंत न्यायचा, दोन्हींवर सोल्डरचा थेंब सोडायचा, पुढच्याकडे जायचं. मी आधी वहीत चौकटी आखून नकाशा काढतो, पण बसवताना तो बदलतोच. खालच्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही, तिथे ज्याचा त्याचा हात दिसतो. काहींचं खालचं अंग बघावं तर कशिदा. माझं तसं नाही, माझ्या वाटा आमच्या वाडीतल्या पाणंदीसारख्या वळत जातात, पण पोचतात. थेंब बरोबर बसला की तो क्षणभर पाण्यासारखा चमकतो आणि मग गोठतो. मंद, भुरकट गोठला तर सांधा कच्चा. वर्षभराने दगा देणार.

सोल्डरच्या तारेत साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असतं, एकशे नव्वद अंशांच्या आसपास ते वितळतं. तारेच्या पोटातून एक बारीक नळी गेलेली असते आणि तिच्यात राळ भरलेली असते. ती तांब्यावरचा मळ खाते, म्हणून सोल्डर धरतो. पहिल्यांदा सोल्डर केलं तेव्हा नाकात धूर गेला आणि मी थांबलो. हा वास मला ओळखीचा होता. जत्रेत दशावताराला मध्यरात्र उलटल्यावर, आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून मी पेंगत असायचो. पायपेटी वाजत असायची, पखवाजावर थाप पडायची, आणि राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ उडायची. भस्सकन उजेड, आणि मागोमाग तो वास. आजोबा मला हलवून उठवायचे, "बघ, बघ, इलो." आज टेबलावर धुराची ती बारीक रेघ वर जाते तेव्हा दरवेळी मला तसंच हलवल्यासारखं वाटतं. (तो धूर छातीत घेऊ नये, खिडकी उघडी ठेवून काम करावं, हे नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगतो.)

मी जो फझ बांधला त्याचा मूळ नकाशा १९६६ सालचा, लंडनचा. आर्बिटर कंपनीचा फझ फेस, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाखालचा. गोल पत्र्याचं अंग, माइकच्या स्टँडच्या बैठकीसारखं. आत बघावं तर दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन बटणं. संपलं. एवढ्याशा सामानातून तसला आवाज निघतो यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. आणि हा आवाज मुळात कुणी शोधून काढलेला नाही. १९६१ मध्ये गाजलेलं एक गाणं अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत रेकॉर्ड होत असताना मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बेसचा आवाज फाटून आला. दुसऱ्या कुणी तो भाग पुन्हा वाजवून घेतला असता. त्यांनी तो तसाच ठेवला. मग तिथल्या इंजिनियरने, ग्लेन स्नॉडीने, तसाच फाटका आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं, आणि १९६२ मध्ये मेस्ट्रो फझ-टोन नावाने ते बाजारात आलं. जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल.

फाटका आवाज म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नाही, तंबोऱ्यावरून कळलं. तारेखाली घोडीवर सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी आणला की साधी वाजणारी तार अचानक गुणगुणायला लागते. तार घोडीला घासते, तिच्या मोकळ्या हलण्यात अडथळा येतो, आणि त्या अडथळ्यातून वरचे सूर उमलतात. जवारी खुलली म्हणतात. फझमध्ये तार घोडीला घासत नाही, लाट बॅटरीच्या मर्यादेला घासते. ट्रान्झिस्टर लाट मोठी करत जातो, बॅटरी म्हणते इथून पुढे नाही, आणि लाटेचं डोकं विळीवर धरल्यासारखं सपाट कापलं जातं. सिलिकॉन ते खसकन कापतं. जर्मेनियम जरा मऊपणे, कडा गोल ठेवून. गिटारचा आवाज बारीक केला की पुन्हा स्वच्छ होतं, बोट हलकं पडलं की हलकं बोलतं. कान तयार झाला की या फरकासाठी माणूस लॅमिंग्टन रोडपर्यंत जातो. आणि आजोबांचा रेडिओही उघडतो.

पण जर्मेनियम हवेच्या लहरीवर चालतं. दर दहा अंश उष्णता वाढली की आतली गळती जवळपास दुप्पट होते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर साडेचार व्होल्ट असले की आवाज जागेवर असतो. मी मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते साडेचार बांधून घेतले होते, अंगणात शेकोटी विझत आलेली, बोटं गार. वैशाखात एका दुपारी तोच फझ लावला तर सूर सुटायच्या आधीच थुंकल्यासारखा तुटायला लागला. मीटर लावला, काटा कितीतरी वर सरकलेला. आंब्याच्या अढीवरून येणारा गोड वास, पडवीच्या पत्र्यातून उतरणारी धग, माझ्या दंडाला चिकटलेली गिटार, आणि आजोबांच्या रेडिओतली ती जोडी उन्हाने बेजार झालेली. मग मी एका रेझिस्टरच्या जागी प्रीसेट, म्हणजे स्क्रूने कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, बसवला. तेव्हापासून ऋतू बदलला की बारक्या स्क्रू ड्रायव्हरने त्याला थोडं फिरवतो. खारी हवा निराळी. तिने तांब्याची कडी वर्षभरात हिरवी पडतात, म्हणून खालच्या अंगाला बहिणीच्या नेलपॉलिशचा पारदर्शक हात मारला आहे.

एकदा डबलबारी भजनाला मागे साउंडवाल्याशेजारी बसलो होतो. त्याने बुवांच्या माइकचा इको वाढवला आणि "विठ्ठला" हा शब्द मंडपाच्या पलीकडे जाऊन परत आला. त्याच्याकडे एक जळकं इको बोर्ड पडून होतं, त्याने मला ते नुसतं देऊन टाकलं. त्यावर पीटी २३९९ चिप होती. जगभर लोक हीच चिप घेऊन गिटारसाठी डिले, म्हणजे सूर मागून पुन्हा ऐकवणारं पेडल, बांधतात. ती काढताना माझा हात अडखळला नाही. त्या बोर्डावर कुणाचा हात फिरलेला नव्हता.

मग आला तो आषाढ आणि ती बाई.

त्या आवाजाचं कारण मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. गिटार आणि तिची लांब केबल म्हणजे एरियल. ट्रान्झिस्टरचा एक सांधा डायोडसारखा वागतो, मध्यम लहरींवरून आलेला आवाज लाटेतून सोलून काढतो. रेडिओत हेच काम ओए ७९ नावाचा काचेचा डायोड करतो. रात्री मध्यम लहरी लांबवर पोचतात, त्यात लाईट गेलेली, सगळ्या वाडीत एकही पंखा नाही, ट्यूब नाही, त्यामुळे तो नाजूक आवाज वर आला. माझं सर्किट उघडं होतं, फळीवर. पत्र्याच्या डब्यात घातलं, आत येणाऱ्या वायरीवर शंभर पिकोफॅरडचा कपॅसिटर सर्किटच्या ग्राउंडला जोडला, की गप्प. उपाय पाच रुपयांचा. आणि तो करायलाच हवा होता, कारण चर्चच्या कॉयरमध्ये वाजवणाऱ्या एका मित्राने नाताळच्या कार्यक्रमासाठी हा फझ मागितला होता. मी कपॅसिटर आणला, स्टीलचा डबाही आणला, त्याला चार भोकं पाडली. पुढे मात्र होईना.

गणपतीआधीच्या साफसफाईत आजीने कोनाड्यातला रेडिओ खाली उतरवला. दोन्ही हातांत धरून ती जरा थांबली. "हलको लागता हल्ली," म्हणाली. माझ्याकडे बघून नव्हे, रेडिओकडे बघून. मग पदराने काच पुसली आणि परत वर ठेवला. मी मखराच्या पट्ट्या कापत बसलो होतो. त्या दिवशी मी एक पट्टी दोनदा चुकीची कापली.

मित्राला शेवटी दुसरा फझ बांधून दिला, बीसी १०८ चा, सिलिकॉनचा. स्टीलचा डबा त्याला गेला. उन्हात थुंकत नाही, रेडिओ पकडत नाही. तो खूश आहे.

आणि दिवाळीनंतर एका रात्री, आजी जेवून माजघरात पाय लांब करून बसली होती तेव्हा मी फळी तिच्यापुढे नेऊन ठेवली. घरातले सगळे दिवे मालवले, मेन स्विच खाली ओढला. गिटार जवळ टेकवून बॅटरी लावली. आधी नुसती खरखर. मी केबल हलवून बघितली, गिटार दाराच्या दिशेने फिरवली, तारांवर तळवा ठेवून उचलला. मग हळूहळू, पाण्याखालून वर यावं तसं, कुणीतरी गायला लागलं. पुरुषाचा आवाज, मागे पेटी. मी आजीला सांगितलं. कोनाडा, बारसं, स्प्रिंग, काकांची पुडी, सगळं. ती स्पीकरकडे बघत होती. तो जाळीशिवाय उघडा होता, त्याच्या काळ्या कागदावर मेणबत्तीचा उजेड हलत होता.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मगे तेवा मी इचारलंय तर नाय कित्याक म्हटलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाणं मधेच बुडायचं, पुन्हा वर यायचं. आजी पुढे सरकली, एक कान स्पीकरकडे केला, आजोबा करायचे तसाच.

"बारीक येता," ती म्हणाली. "जरा मोठो कर."

या फळीवर खरखर आणि आवाज एकाच बटणाला बांधलेले आहेत. मी बटण फिरवलं.